मणका तुटल्यानंतर: कॅथेटर, कागदपत्रं आणि कन्नमवार नगर

भेटणारा प्रत्येक जण आधी विमानाचं विचारतो. कसं पडलं, किती उंचावरून, भीती वाटली का. ते सगळं मिळून मिनिटभराचंही नव्हतं. त्यानंतरची वर्षं गेली ती लघवी, पाठीखालची कातडी, दाराची रुंदी आणि शिक्का न बसलेले कागद यांच्यात, आणि त्याबद्दल कुणी काही विचारत नाही. हॉस्पिटलच्या कॉटवर पडल्या पडल्या मी मोबाइलवर मराठीत काही सापडतंय का ते बघायचे. एक तर चमत्काराच्या गोष्टी मिळायच्या, नाही तर तेलांच्या जाहिराती. म्हणून हे लिहायला घेतलंय. ज्यांच्या घरी आत्ता हे ताजं आहे त्यांनी विमानाचा भाग सोडून पुढे गेलं तरी काही बिघडत नाही.

तर ते आधी उरकते. डिसेंबर २०१७. विदर्भातल्या एका फ्लाइंग स्कूलमध्ये मी कमर्शियल पायलट लायसन्ससाठी शिकत होते. लायसन्सला २०० तासांचं उड्डाण लागतं, माझं निम्मंही झालं नव्हतं. विमान सेसना १५२. दोन सीटचं, ११० हॉर्सपॉवरचं, रिकामं असताना पाच क्विंटलच्या आसपास भरणारं. त्या सकाळी एकटीच सर्किट मारत होते. म्हणजे टेकऑफ, धावपट्टीभोवती चौकोनी फेरा, लँडिंग, परत टेकऑफ. त्यातल्याच एका टेकऑफनंतर, साधारण चारशे फुटांवर, इंजिनाचा आवाज बसला. बंद पडलं नाही, पण ओढ गेली. इतक्या कमी उंचीवर मागे वळायचं नाही, हे पहिल्या महिन्यापासून डोक्यात भरवलेलं असतं. वळताना स्पीड जातो आणि विमान नाकावर पडतं. नाक खाली, ६० नॉटचा ग्लाइड, आणि समोर जे असेल तिथे उतरायचं. समोर तूर उभी होती. तुरीत उतरणं तसं ठीकच होतं, पण तुरीच्या आड बांध होता. चाकं त्याला धडकली, विमान उसळलं आणि पोटावर आपटलं. कमरेच्या जरा वर ऊस मोडल्यासारखा आवाज झाला. तो कानांनी ऐकला की हाडांतून, ते अजून सांगता येत नाही.

या विमानाचे पंख डोक्यावर असतात आणि पेट्रोल पंखांत. हे पेट्रोल निळसर असतं. ते थेंब थेंब माझ्या डाव्या बुटावर पडत होतं. मोजा ओला होताना मला दिसत होता आणि पायाला ओल लागत नव्हती. तेव्हाच मला कळलं.

शेजारच्या वावरात कापूस वेचणाऱ्या बायका सगळ्यात आधी आल्या. त्यातल्या एकीने माझं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि "हालू नको माय, हालू नको" एवढंच म्हणत राहिली. मागून आलेल्या पुरुषांना पेट्रोलचा वास आला आणि त्यांनी मला ओढून बाहेर काढलं. मणका मोडलेल्याला असं ओढायचं नसतं, हे नंतर एका डॉक्टरने मला जरा रागानेच सुनावलं. खरं आहे. पण पेटलं असतं तर त्यांना तपासायला मणका उरला नसता. त्या लोकांबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही.

१०८ च्या गाडीने आधी ग्रामीण रुग्णालयात, तिथून नागपूरला. डी-१२, म्हणजे छातीच्या मणक्यांतला शेवटचा, फुटला होता. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं, टायटॅनियमचे स्क्रू आणि रॉड बसवले. ऑपरेशनने हाडं स्थिर होतात. आतल्या नसांच्या दोरीला जी इजा झाली ती त्याने भरून येत नाही. हे आम्हाला कुणी आधी नीट सांगितलं नव्हतं, त्यामुळे "ऑपरेशन सक्सेसफुल" ऐकून आई-बाबा पेढे आणायला निघाले होते. मग एक तरुण डॉक्टर कापूस आणि टाचणी घेऊन आले आणि पोटापासून खाली एकेक जागा तपासत गेले. याला एशिया स्केल म्हणतात. ए ते ई अशा पायऱ्या असतात. ए म्हणजे सगळ्यात खालच्या नसांपर्यंत ना संवेदना ना हालचाल. माझी ए. पहिल्या दिवसांत नसा धक्क्यात असतात, त्यामुळे ही तपासणी पुन्हा करावी लागते. तुमच्या माणसाची तपासणी झाली की ती ग्रेड आणि तारीख कागदावर लिहून मागा. पुढे फिजिओपासून अपंगत्वाच्या बोर्डापर्यंत सगळे तेच विचारतात आणि डिस्चार्ज कार्डावर नुसतं "पॅराप्लेजिया", म्हणजे कमरेखालचा लकवा, एवढंच लिहिलेलं असतं.

नागपूरचं बिल साडेचार लाखांच्या घरात गेलं. शिवाय तिथून एक जखम सोबत आली. दर दोन तासांनी कूस बदलायला हवी होती, रात्री ती बदलली जात नव्हती. वॉर्डात माणसं कमी, आणि मला दुखतच नव्हतं म्हणून मी कुणाला हाक मारली नाही. माकडहाडावर पाच रुपयांच्या नाण्याएवढी कातडी गेली होती. आईला ती स्पंज करताना दिसली. ती भरायला एप्रिल उजाडला. पाठीच्या ऑपरेशनची जखम त्याआधी कितीतरी भरली होती.

मुंबईला आणायचं कसं, यावर मामा आणि बाबांचा बराच खल झाला. विमानात स्ट्रेचर नेता येतो, पण त्यासाठी बऱ्याच सीट अडवाव्या लागतात, डॉक्टरांचे फॉर्म लागतात, आणि भाडं ऐकूनच विषय संपला. शेवटी रात्रीच्या गाडीचं फर्स्ट एसी काढलं. स्ट्रेचर डब्याच्या दाराशी वळेना, तेव्हा हमालांनी चादरीची झोळी करून मला आत नेलं. बाबांनी मोबाइलवर दर दोन तासांचा गजर लावला होता. प्रत्येक गजराला ते आणि मामा उठून मला कुशीवर करत. आपल्या तरण्याताठ्या मुलीला असं उलथंपालथं करताना बाबा माझ्याकडे न बघता खिडकीबाहेर बघत होते. खिडकीबाहेर काळोख होता.

आमचं घर विक्रोळीला, कन्नमवार नगरात, दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. त्यामुळे घरी न जाता आधी एका हॉस्पिटलात ती जखम भरत पडून राहिले आणि मग हाजी अलीला नंबर लागला. ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन असं लांबलचक नाव आहे, रिक्षा-टॅक्सीवाल्यांना "हाजी अलीचं अपंगांचं हॉस्पिटल" म्हटलं की कळतं. १९५५ पासूनची केंद्र सरकारची संस्था. खर्च खासगी जागेच्या मानाने नगण्य. बेड मिळायला दीडेक महिना थांबावं लागलं, पण तोवर ओपीडीत दाखवून ठेवलं होतं म्हणून केस पेपर चालू राहिला. तुम्हीही तसंच करा. मणक्याच्या ऑपरेशननंतर बहुतेक जण थेट घरी जातात आणि घरी एक फिजिओ लावतात. फिजिओ हातपाय हलवतो. पण खुर्चीतून कमोडवर कसं जायचं, रस्त्यावरची कड कशी चढायची, लघवी कशी काढायची, हे शिकायला अशीच जागा लागते.

वॉर्डात परांचीवरून पडलेला रंगारी होता, उथळ पाण्यात सूर मारून मान मोडलेला एक कॉलेजचा मुलगा होता, आणि माझ्या शेजारच्या कॉटवर लोकलमधून पडलेली एक ताई. तिने पहिल्याच दिवशी विचारलं, "तुझं कशावरून?"

"विमानातून."

तिने जरा विचार केला. "मग तुला पैसे तरी मिळतील."

त्या वॉर्डात विमानाला यापेक्षा जास्त किंमत नव्हती, आणि त्याने मला फार बरं वाटलं. तिथे सगळ्यांची चौकशी एकच: आज किती निघाली?

तर लघवी. नस तुटली की मूत्राशय भरल्याचं कळत नाही आणि ते आपणहून रिकामंही होत नाही. सुरुवातीला कायमची नळी आणि पिशवी असते. मग सीआयसी शिकवतात: दर चार ते सहा तासांनी स्वतः पातळ नळी, म्हणजे कॅथेटर, घालायची, रिकामं करायचं, नळी काढायची. बायकांना आधी आरसा लागतो. मला पहिल्यांदा शिकवलं तेव्हा सिस्टर आरसा धरून होत्या आणि मी रडत होते. दुखत होतं म्हणून नाही, दुखतच नव्हतं म्हणून. पंधरा दिवसांत आरसा सुटला, आता अंधारातही जमतं. वहीत दोन रकाने ठेवायचे, किती प्यायले आणि किती निघाली. एका वेळी चारशे-साडेचारशे मिलिलिटरच्या वर जायला लागली की वेळ अलीकडे घ्यायची. लघवीच्या भीतीने पाणी तोडू नका, त्याने खडे आणि इन्फेक्शन दोन्ही होतात. नळी तेव्हा तीस-चाळीस रुपयांना मिळायची. दिवसाला पाच लागल्या तर महिन्याचा हिशेब तुम्हीच करा. घाऊक औषधवाल्याकडून शंभराचा बॉक्स घेतला की बराच फरक पडतो.

इन्फेक्शन झालं तर आपल्याला जळजळ होत नाही, हे लक्षात ठेवायचं. थंडी वाजून ताप, गढूळ लघवी, वेगळाच वास, मधेच कपडे ओले होणं, ही खूण. उलट, काहीही त्रास नसताना नुसत्या कल्चर रिपोर्टात जंतू दिसले म्हणून अँटिबायोटिक घेत सुटू नये. नळी वापरणाऱ्यांच्या लघवीत जंतू सापडतातच. हे मला एका युरॉलॉजिस्टने सांगेपर्यंत मी उगाच खूप गोळ्या गिळल्या. वर्षातून एकदा किडनीची सोनोग्राफी आणि क्रिएटिनिनची रक्ततपासणी. पाय गेल्याने माणूस मरत नाही, किडनी गेली तर जातो, असं तेच डॉक्टर म्हणाले होते. बोलायला फटकळ, पण माणूस कामाचा.

शौचाचं थोडक्यात सांगते. रोज ठरल्या वेळी, चहानंतर, हातमोजा आणि जेली लावून बोटाने. सुरुवातीला पाऊण तास लागायचा आणि ते आई करायची. ज्या दिवशी ते मी माझं करायला लागले, त्या दिवशी आम्ही दोघी एकमेकींशी पहिल्यांदा नीट भांडलो. इतके महिने ती मला दुखवायला घाबरत होती.

आता कातडी. खुर्चीत दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन बूड उचलायचं. रोज रात्री लांब दांड्याचा आरसा घेऊन मागे लाल डाग आहे का बघायचं. डाग असला तर तो जाईपर्यंत त्या बाजूला बसायचं नाही, मग दुसऱ्या दिवशी कुणाचं लग्न का असेना. खुर्चीपेक्षा गादीवर पैसे घाला. माझी हवेच्या कप्प्यांची गादी पंचवीस हजारांना पडली आणि खुर्ची अठ्ठावीसला. बाबांना गादीची किंमत पटेना. नाण्याएवढ्या जखमेच्या ड्रेसिंगची बिलं समोर मांडली तेव्हा पटली. गरम पाण्याची पिशवी घरातून हद्दपार करा. मांडीवर गरम डबा, लॅपटॉप, चहाचा पेला ठेवू नका. भाजल्याचं कळत नाही, फोड आल्यावर दिसतं.

चालण्याबद्दल मी तिथल्या फिजिओ मॅडमना सरळ विचारलं होतं. त्या म्हणाल्या, पायांना बांधायचे कॅलिपर आणि वॉकर घेऊन तू उभी राहशील, दहा-वीस फूट जाशील, दमशील. पण विक्रोळी स्टेशनला जायचं असेल तर खुर्चीच लागेल. त्यांनी खोटी आशा लावली नाही, आणि "आता काही होणार नाही" असंही म्हणाल्या नाहीत. नातेवाइकांचं मात्र उलट. कुणी केरळचं तेल, कुणी स्टेम सेल. एका खासगी दवाखान्याने स्टेम सेलचे काही लाख सांगितले. आईचा जीव तुटत होता, ती मंगळसूत्र मोडायला तयार झाली. मी मॅडमकडून लिहून आणलं की याला मान्यताप्राप्त उपचाराचा दर्जा नाही, तेव्हा विषय थांबला. निदान आमच्या घरात तरी.

पैशाचं आता. मी जिच्यावर विसंबून होते ती वैयक्तिक अपघात पॉलिसी बिनकामाची निघाली. नेहमीच्या पॉलिसीत एक कलम असतं: विमानात तुम्ही प्रवासी असाल तरच संरक्षण. चालवत असाल तर नाही. पायलटचं शिक्षण घेणाऱ्या मुलांनो, हे कलम आजच काढून वाचा आणि स्कूलच्या विमानाच्या विम्यात शिकाऊ पायलटच्या दुखापतीला किती रक्कम आहे ते लेखी मागा. माझ्या बाबतीत शेवटी त्याच विम्यातून काही रक्कम आली, वर्ष उलटून गेल्यावर. मेडिक्लेमवाल्यांनी "धोकादायक साहसी प्रकार" म्हणून दावा फेटाळला. परवानाधारक अभ्यासक्रमातलं प्रशिक्षण म्हणजे बंजी जंपिंग नव्हे, असं आम्ही त्यांच्या तक्रार विभागाला लिहिलं, महिनाभर वाट पाहिली आणि मग विमा लोकपालांकडे गेलो. हे कार्यालय सांताक्रूझला आहे. फी नाही, वकील लागत नाही, फक्त विमा कंपनीचा नकार आल्यापासून वर्षाच्या आत जावं लागतं. सुनावणीला बाबा गेले, बँकेत क्लार्क म्हणून आयुष्य काढलेला माणूस, फाइलला रंगीत चिकटपट्ट्या लावून. बिलाचा बराचसा भाग मिळाला.

कर्जाचं मात्र काही झालं नाही. शिक्षणासाठी काढलेल्या कर्जाला विमा जोडलेला होता, पण तो मृत्यूसाठी. मी वाचले म्हणून तो लागू झाला नाही. हे बँकेतल्या बाईंनी इतक्या संकोचाने सांगितलं की मलाच त्यांची समजूत काढावीशी वाटली. राजापूरकडची बाबांच्या वाटणीची जमीन गेली, हप्ता कमी झाला, तो अजून चालू आहे.

सरकारी तपासाचंही लोक विचारतात. विमान अपघात तपास ब्युरो, म्हणजे एएआयबी, याचा तपास करतो. त्यांचे अधिकारी नागपूरलाच जबाब घ्यायला आले होते, शांतपणे बसून सगळं ऐकून गेले. २०१७ च्या नियमांत स्पष्ट आहे की या तपासाचा हेतू पुढचे अपघात टाळणं हा आहे, दोष वाटणं नाही. आमचे एक वकील काका रोज म्हणायचे, रिपोर्ट येऊ दे, मग बघू. रिपोर्ट दीडेक वर्षाने आला. त्यात माझं नाव नव्हतं, "शिकाऊ पायलट" एवढंच. इंजिनाची ताकद का गेली याचं एकच कारण ठरवता आलं नाही, कार्बोरेटरमध्ये, म्हणजे जिथे हवा आणि पेट्रोल मिसळतं तिथे, बर्फ धरल्याची शक्यता नोंदवली होती. विदर्भात बर्फ, म्हणून आई हसली. पण हवेत ओल असली की पंधरा-वीस अंशांतही तो धरतो, हे आम्हाला शिकवलेलं होतं. दाव्यासाठी या रिपोर्टची वाट बघत बसू नका. पोलिसांचा पंचनामा, १०८ ची नोंद, डिस्चार्ज समरी आणि तुमच्या लायसन्स-मेडिकलच्या प्रती पहिल्या महिन्यातच गोळा करा. आमच्यातर्फे हे मामांनी केलं, तेही विदर्भात राहून. नंतर मुंबईहून ते नाकी नऊ आणणारं झालं असतं.

यूडीआयडी कार्डाची, म्हणजे सरकारी दिव्यांग ओळखपत्राची, कथा मोठी आहे, ती आटोपशीर सांगते. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करायचा. आधार, फोटो, सही, रिपोर्ट, आणि हॉस्पिटल निवडायचं. मग ठरल्या वारी बोर्डापुढे. पहिल्या वेळी सांगितलं की इजा ताजी आहे, परिस्थिती बदलू शकते, नंतर या. यात चूक काही नाही, नियमच तसा आहे, पण हे अर्ज भरतानाच कळलं असतं तर टॅक्सीचे पैसे वाचले असते. नंतर गेलो तेव्हा लिफ्ट बंद होती आणि बोर्ड पहिल्या मजल्यावर. वॉर्डबॉयने सुचवलं, "पेशंटला खालीच राहू द्या, कागद वर न्या." कागद वर गेले, डॉक्टर खाली आले, पॅसेजमध्येच तपासणी झाली. ९० टक्के अपंगत्व, कायमस्वरूपी. हा "कायमस्वरूपी" शब्द आहे की नाही ते तिथेच वाचा. "तात्पुरतं" असेल तर पुढची बरीचशी दारं उघडत नाहीत. कार्ड पोस्टाने आलं, निळ्या रंगाचं. ८० टक्के किंवा जास्त असलं की निळं.

कार्डाने काय मिळतं? रेल्वेत स्लीपर आणि थर्ड एसीला ७५ टक्के सवलत, सोबतच्या माणसालाही तेवढीच. त्यासाठी रेल्वेचं वेगळं ओळखपत्र आधी काढून घ्यावं लागतं. नोकरी असेल तर व्यवसाय कर माफ. जुन्या पद्धतीने इन्कम टॅक्स भरणाऱ्यांना अपंगत्वापोटी सव्वा लाखाची वजावट. लोकलमध्ये दिव्यांगांचा डबा आहे, पण फलाट आणि डब्यातली फट खुर्चीने एकटीला ओलांडता येत नाही. मेट्रोचं मात्र वेगळंच. डब्याची आणि फलाटाची पातळी एक, स्टेशनला लिफ्ट. दहिसर ते अंधेरी हा प्रवास मी एकदा काही काम नसताना करून आले.

घर. दुसरा मजला सोडून बाजूच्याच इमारतीत तळमजल्याची जागा भाड्याने घेतली. बाथरूमचं दार चोवीस इंच, खुर्ची पंचवीस. चौकट काढून पडदा लावला. दारातल्या तीन पायऱ्यांचं काय करायचं, हा प्रश्न सोसायटीपुढे गेला. रॅम्पला दर फूट उंचीमागे बारा फूट लांबी लागते. सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्या म्हणजे अठरा फूट, आणि अठरा फुटांत दोन मोटरसायकली बसतात. मीटिंगमध्ये कुणी नाही म्हणालं नाही. सगळ्यांनी सहानुभूती दाखवली आणि मग सेक्रेटरी काका म्हणाले, "अगं, रिडेव्हलपमेंट होणारच आहे, दोन वर्षांत टॉवर उभा राहील. आता खर्च कशाला?" ते दोन वर्षांत होणार हे मी चौथीत असल्यापासून ऐकतेय. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचा हवाला देऊन बाबांनी पत्र तयार केलं, पण ते द्यावं लागलं नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या जोशी आजींचं खुब्याचं हाड मोडलं आणि महिन्याभरात भिंतीला लागून वळणाचा रॅम्प झाला. आजी बऱ्या झाल्या. रॅम्पवर आता सगळी इमारत सिलिंडर आणि सायकली चढवते.

घरी आल्यावरचा काळ हॉस्पिटलपेक्षा वाईट गेला, हे सांगायला हवं. हॉस्पिटलात वेळापत्रक असतं. घरी दुपार असते. माझ्या बॅचची मुलं लायसन्स मिळाल्याचे फोटो टाकत होती आणि मी फोन उलटा करून ठेवत होते. त्या काळात नीना फाउंडेशनच्या माणसांशी बोलणं झालं. केतना मेहता यांनी स्वतः १९९५ मध्ये पॅराग्लायडिंगच्या अपघातात मणक्याची इजा झाल्यानंतर मुंबईत ही संस्था उभी केली. आपल्यासारखं हवेतून पडलेलं दुसरं कुणी आहे, ही माहितीच मला पुरेशी होती. समुपदेशकाकडेही गेले, तिची फी तेव्हा हजार रुपये होती, आणि ती गादीइतकीच वसूल झाली.

२०२० च्या लॉकडाउनमध्ये फिजिओ बंद, नळ्यांचा तुटवडा, पण त्याच काळात काम सापडलं. पायलट लायसन्ससाठीचे डीजीसीएचे, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, लेखी पेपर मी आधीच पास झाले होते, उत्तीर्णांची रेषा ७० टक्के. धाकट्या बॅचच्या दोन मुलांना फोनवर नॅव्हिगेशन समजावत होते, त्यांनी आणखी काहींना सांगितलं. आता संध्याकाळी ऑनलाइन क्लास घेते, नॅव्हिगेशन आणि मीटिऑरॉलॉजी, म्हणजे हवामान. कार्बोरेटरच्या बर्फाचा धडा आला की वर्ग एकदम शांत होतो. मुलांना माहीत असतं. मी उदाहरण दुसऱ्याच विमानाचं देते.

विमानाने प्रवासी म्हणून गेले ते २०२२ मध्ये, मुंबई-नागपूर, मामांकडे लग्नाला. तिकीट काढतानाच डब्ल्यूसीएचसी हा कोड सांगायचा, म्हणजे सीटपर्यंत उचलून नेण्याची सोय. नुसतं "व्हीलचेअर" म्हटलं तर विमानाच्या शिडीशी आणून सोडतात. स्वतःची खुर्ची दारापर्यंत वापरू द्या म्हणायचं, गादी काढून आपल्याजवळ ठेवायची. टेकऑफला माझे तळहात ओले झाले. चारशे फूट कधी गेले ते मला बरोबर कळलं.

सगळ्यात ताजं प्रकरण गाडीचं. २०२३ मध्ये ऑटोमॅटिक गाडी घेतली आणि मेकॅनिककडून हाताचे कंट्रोल बसवून घेतले: एक दांडा, पुढे ढकलला की ब्रेक, खाली दाबला की ॲक्सिलरेटर. त्या वेळी छोट्या गाडीवर २८ टक्के जीएसटी होता आणि अवजड उद्योग मंत्रालयाचं प्रमाणपत्र आणलं की तो १८ व्हायचा. ते प्रमाणपत्र गाडी घेण्याआधी लागायचं, त्यात तीन महिने गेले आणि तोवर शोरूमवाला मला ओळखेनासा झाला होता. सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवर सगळ्यांनाच १८ आहे, तेव्हा तो खटाटोप नव्या लोकांना उरला नाही. वडाळा आरटीओत बदल केलेली गाडी म्हणून नोंद झाली आणि टेस्टला इन्स्पेक्टर साहेब शेजारी बसले. त्यांनी आधी माझ्या पायांकडे पाहिलं, मग दांड्याकडे, आणि म्हणाले, "मॅडम, याआधी काही चालवलंय का?" मी "हो" म्हटलं. जास्त काही सांगितलं नाही.

लायसन्स मिळालं. टोलच्या सवलतीचा फास्टॅग अजून बाकी आहे. मुंबईच्या वेशीवरचा टोल ऑक्टोबर २०२४ पासून छोट्या गाड्यांना तसाही माफ झालाय, पण राजापूरला जायचं तर हायवेला लागतो. अर्ज आरसीची प्रत पुसट आहे म्हणून परत आला. नवी प्रत स्कॅन करून पाठवली आहे.